सातबारा त्याच्या नावावर, लिहिलेलं माझं

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढलंय):

पत्र लिहिणाऱ्या ताई पंचेचाळिशीच्या आहेत. 2009 साली पुण्यात असताना त्यांनी ब्लॉगस्पॉटवर (गूगलची फुकटची ब्लॉगसेवा) मराठी ब्लॉग सुरू केला. शेजारपाजार, एसटीचे प्रवास, पाहिलेली नाटकं, पुढे मुलगी झाली तिचे उद्योग, असं सुचेल ते लिहीत गेल्या. तीनशेच्या आसपास पोस्ट झाल्या. 2014 मध्ये आयटीतल्या नवऱ्याने वाढदिवसाची भेट म्हणून डोमेन (ब्लॉगचा स्वतःचा पत्ता) घेतलं आणि ब्लॉग वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर हलवला, त्यात जुन्या पोस्टमधले बरेच फोटो गेले. 2019 मध्ये होस्टिंग (ब्लॉगच्या फायली ठेवायची भाड्याची जागा) बदललं तेव्हा लिंका तुटल्या आणि कित्येक कमेंट्सच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरली. आता दीड वर्षापासून दोघं वेगळे राहतायत, परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज दाखल झालाय, ताई मुलीला घेऊन कोल्हापूरला आईकडे आल्यात. तेव्हापासून ब्लॉगवर एक ओळ नाही. डोमेन, होस्टिंग दोन्ही नवऱ्याच्या नावावर, त्याच्याच कार्डावर, आणि रिन्यूअल दोन महिन्यांवर आलंय. तो भरेल का माहीत नाही, विचारायचं जिवावर येतंय. भाऊ म्हणतो सोड ते, इन्स्टावर लिही. मैत्रीण म्हणते नवीन नावाने सुरू कर. मुलीच्या वर्गातल्या कोणाला तरी तिच्या लहानपणची पोस्ट सापडली त्यावरून घरात रडारड झाली. सासूबाई अजूनही ब्लॉग वाचतात. ताई लिहितात, "चालू ठेवायची ताकद नाही आणि बंद करायची हिंमत नाही. काय करू?"

नमस्कार ताई,

आधी तारखेचं बोलू, कारण बाकी सगळं थांबू शकतं, रिन्यूअल थांबत नाही.

तुम्ही प्रश्न असा टाकलाय की लिहायची ताकद आली तर ब्लॉग राहील, नाही आली तर जाईल. ही जोडणीच मला पटत नाही. आहे ते सांभाळणं हे एक काम आणि नवीन लिहिणं हे अगदी वेगळं काम, आणि तुम्ही दोन्हींची मोट बांधून डोक्यावर घेतलीय म्हणून ती उचलत नाहीये. सांभाळायचं काम शुद्ध कारकुनी आहे, त्याला मूड लागत नाही, सुचावं लागत नाही, रडत रडत पण करता येतं, फक्त ते या दोन महिन्यांत व्हायला हवं. लिहिण्याला तारीख नाही. पुढच्या वर्षी लिहा, दोन वर्षांनी लिहा, नका लिहू. तीनशे पोस्ट तोवर कुठे पळत नाहीत, जर आत्ता त्यांची सोय लावली तर.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्रभर तुम्ही "त्याने करून दिलेला ब्लॉग" असं म्हणताय. त्याने डोमेन घेतलं, होस्टिंग घेतलं, ब्लॉग तुम्ही केलाय. सातबाऱ्यावर नाव त्याचं असेल, पीक तुमचं आहे, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, कायदाही तसाच आहे. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लिहिणारा असतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही, आणि तो हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे तुमच्या त्या स्वारगेट स्टँडवरच्या पोस्टवर तुमच्या नातवंडांचाही हक्क असणार आहे. डोमेनचं मात्र उलटं, ज्याच्या नावावर नोंदलंय त्याचं. फोटोंचं अजून तिसरंच, ज्याने काढला त्याचा, त्यामुळे त्याने काढलेले फोटो ब्लॉगवर असतील तर तेवढ्यापुरता हक्क त्याचा. एकूण काय, वाईटात वाईट झालं तर पत्ता जाईल, मजकूर जाणार नाही, पण तो तुमच्या हातात पाहिजे.

म्हणून त्याला काही विचारायच्या आधी कॉपी काढून घ्या. आज रात्रीच बसा म्हणते मी. वर्डप्रेसमध्ये लॉगिन केल्यावर डावीकडे टूल्स आणि त्यात एक्स्पोर्ट दिसतंय का बघा. दिसत असेल तर सगळं निवडून फाइल उतरवून घ्या, त्यात पोस्ट, पानं, कमेंट्स, तारखा, वर्गवारी सगळं येतं. दिसत नसेल तर घाबरू नका, याचा अर्थ इतकाच की तुमचं लॉगिन अॅडमिनचं नाही, संपादकाचं आहे, आणि संपादकाला एक्स्पोर्ट मिळत नाही. नवऱ्यांनी, भाच्यांनी, मित्रांनी "सेट करून दिलेल्या" ब्लॉगवर हे सर्रास असतं, बाईचा ब्लॉग आणि बाईच संपादक. अशा वेळी एकेक पोस्ट उघडून ब्राउझरमधून सेव्ह करायची, किंवा मजकूर वर्डच्या फाइलमध्ये वर्षवार चिकटवायचा. कंटाळवाणं आहे, तीनशे पोस्टना बऱ्याच संध्याकाळी जातील, मुलीला मदतीला घेतलं तर लवकर होईल (मुलीला घ्यायचं कारण दुसरंही आहे, ते पुढे सांगते).

एक्स्पोर्टची फाइल मिळाली म्हणजे सगळं मिळालं असं मात्र समजू नका, तिच्यात फोटो नसतात! फोटोंचे फक्त पत्ते असतात, प्रत्यक्ष फोटो होस्टिंगवर अपलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये वर्ष-महिन्याप्रमाणे लावलेले असतात. 2014 ला तुमचे फोटो गेले ते माझ्या अंदाजाने असेच गेले, कारण ब्लॉगस्पॉटच्या बॅकअप फाइलमध्येही फोटो येत नाहीत, नवीन ठिकाणी गेल्यावर फोटो दिसत राहतात म्हणून माणूस निर्धास्त असतो, प्रत्यक्षात ते जुन्या घरातूनच दिसत असतात आणि जुनं बंद पडलं की एका रात्रीत पांढरे चौकोन. होस्टिंगचं लॉगिन तुमच्याकडे नसेल तर वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीतून फोटो एकेक उतरवता येतात, ते संपादकालाही दिसतं.

आता गेलेल्या गोष्टींबद्दल. तुम्ही ते सगळं गेलंच असं धरून चाललाय, मला तसं वाटत नाही. 2014 ला हलवताना जुना ब्लॉगस्पॉट कोणी मुद्दाम पुसला होता का, की नुसता सोडून दिला होता? बहुतेक जण सोडून देतात. तेव्हाच्या जीमेलने ब्लॉगर डॉट कॉमवर (ब्लॉगस्पॉट तिथूनच चालवतात) लॉगिन करून बघा, 2009 ते 2014 च्या पोस्ट तिथे कमेंट्ससकट, आणि नशीब असेल तर फोटोंसकट, तशाच पडलेल्या असायची चांगली शक्यता आहे. ते जीमेल तुम्ही वापरत नसाल तर अजूनच लवकर बघा, कारण 2023 पासून गूगलचं धोरण असं आहे की दोन वर्षं कोणी फिरकलं नाही तर ते अकाउंट काढून टाकू शकतात. आणि कुठे जुन्या मेलमध्ये, डायरीत ब्लॉगचा पत्ता लिहिलेला सापडला आणि तो उघडला नाही तर पत्त्याचा शेवट बघा. 2012 पासून काही वर्षं भारतात ब्लॉगस्पॉटचे पत्ते डॉट कॉमऐवजी डॉट इन ने उघडायचे, लोकांनी तेच कॉपी करून सगळीकडे डकवले, आणि 2020 मध्ये ते डॉट इनचं डोमेनच गूगलच्या हातून निसटलं. लाखो लिंका एका झटक्यात मेल्या. ब्लॉग मात्र जागेवर होते. डॉट इन खोडून डॉट कॉम केलं की उघडतं, गूगलसारख्या गूगलचं रिन्यूअल राहतं तर आपलं काय घेऊन बसलात.

कमेंट्सची प्रश्नचिन्हं हा जरा वाईट प्रकार आहे. मराठी मजकूर एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेताना भाषेची सेटिंग चुकली की दोनपैकी एक होतं. एकतर डोक्यावर चिन्हं असलेली विचित्र रोमन अक्षरं दिसतात, हे दिसायला भयंकर पण मजकूर शाबूत असतो, जाणकार माणूस ते परत मराठी करून देतो. नाहीतर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि ते आलं की त्या डेटाबेसमधून मूळ अक्षर गेलं, परत येत नाही. तुमचं दुसरं झालेलं दिसतंय. पण कमेंट दुसरीकडे असू शकते. कोणी कमेंट टाकली की वर्डप्रेस लेखकाला मेल पाठवतं आणि त्या मेलमध्ये अख्खी कमेंट असते, बहुतेकांनी ती सेटिंग कधी बंद केलेली नसते. तुमच्या मेलबॉक्समध्ये ब्लॉगचं नाव टाकून शोधा, 2014 ते 2019 च्या कमेंट्स तिथे रांगेने बसलेल्या असतील. त्याआधीच्या जुन्या ब्लॉगस्पॉटवर. आणि जे कुठेच नाही त्यासाठी इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन आहे, तिथे तुमचा पत्ता टाकला की त्यांनी वेळोवेळी टिपून ठेवलेली पानं दिसतात, सगळी नसतात पण 2019 च्या आधीचं एखादं पान मिळालं तर कमेंट्ससकट मिळेल.

आणि हे करताना वाचत बसू नका. फाइल उतरवायला गेलात आणि 2011 ची एखादी पोस्ट वाचत रात्रीचे दोन वाजले असं होणार, तेव्हा आधी उतरवा, वाचायला आयुष्य पडलंय.

हे झालं की मग त्याला मेल. फोन नको, व्हॉट्सॲप नको, मेल, म्हणजे लेखी राहतं आणि त्यालाही उत्तर द्यायला वेळ मिळतो. मजकूर एवढाच: "डोमेन आणि होस्टिंगचं रिन्यूअल अमुक तारखेला आहे. डोमेन मला माझ्या नावावर करून हवंय. माझ्या अकाउंटला ट्रान्सफर करशील का? खर्च मी देते. तोपर्यंत मला अॅडमिन करून ठेव." बस. भेट म्हणून दिलेलं होतंस, आठवतं का, वगैरे काही नको. डोमेन ज्या कंपनीकडून घेतलंय तिथेच तुम्ही तुमचं अकाउंट उघडलं तर एका अकाउंटातून दुसऱ्यात टाकणं सहसा सोपं असतं, दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं असेल तर त्याला लॉक काढून एक कोड तुम्हाला द्यावा लागतो, आणि डोमेन नुकतंच कुठून हलवलेलं असेल तर साधारण 60 दिवस परत हलवता येत नाही. रिन्यूअलला दोन महिने आहेत म्हणून म्हणते, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

विचारायचं जिवावर येतंय हे समजतं. पण तुमचा अर्ज संमतीचा आहे, तुमचे वकील कुठेतरी दागिने, ठेवी, भांडीकुंडी, गाडी याची यादी लिहीत असणारच. त्या यादीत एक ओळ वाढवायला सांगा, अमुक डोमेन पत्नीच्या नावे करून दिलं जाईल. वकिलांना नवल वाटेल, वाटू दे. पहिल्या अर्जानंतर दुसऱ्यासाठी साधारण सहा महिने थांबावं लागतं (कोर्ट कधी कधी तो काळ माफ करतं), त्यात हे आरामात बसतं, फक्त मधलं रिन्यूअल कोणीतरी भरायला हवं आणि ते तुम्ही भरा.

तो नाहीच म्हणाला, किंवा उत्तरच दिलं नाही तर? तर पत्ता सोडायचा. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली म्हणून ते दुसऱ्या दिवशी बाजारात येत नाही, आधी थोडे दिवस नेहमीच्या पैशात आणि नंतर 30 दिवस दंड भरून जुन्या मालकाला सोडवता येतं, त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतं. पण होस्टिंगवरच्या फायली किती दिवस ठेवायच्या हे ती कंपनी ठरवते, तिथे भरवसा नाही. आणि एक कडू गोष्ट सांगून ठेवते, अशी चालती डोमेन सुटली की जुगाराच्या जाहिरातीवाले उचलतात, तुमच्या नावाच्या पत्त्यावर उद्या रमी दिसली तर ते त्याने केलंय असं समजून भांडायला जाऊ नका.

आता कुठे जायचं. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे की यावेळी कायमची जागा हवी, परत हलवाहलवी नको. ताई, अशी जागा नाही हो. जिओसिटीज 2009 ला बंद झालं, मायक्रोसॉफ्टचं स्पेसेस 2011 ला, पोस्टरस 2013 ला, टाइपपॅडवर लोक वीस-वीस वर्षं लिहीत होते ते 2025 च्या सप्टेंबरात बंद झालं आणि कळवलं कधी, तर महिनाभर आधी. तेव्हा टिकेल का असं विचारण्यापेक्षा इथून निघायला सोपं आहे का हे बघायचं. तुमच्या बाबतीत माझं मत साधं आहे, या वर्षी स्वतःचं होस्टिंग नको. अपडेट, प्लगिन, हॅक झालं, मेल बंद पडली, हे सगळं बघायला घरात माणूस होता तोपर्यंत ठीक होतं. वर्डप्रेसचीच जी फुकटची सेवा आहे, वर्डप्रेस डॉट कॉम, तिथे तुमची एक्स्पोर्टची फाइल जशीच्या तशी जाते कारण जात एकच. फुकटात जागा 1 जीबी, फोटो लहान करून टाकलेत तर पुष्कळ झाली. तोटा असा की पत्त्यात त्यांचं नाव राहतं, जाहिराती दिसतात, आणि स्वतःचं डोमेन जोडायचं तर पैसे भरावे लागतात. ब्लॉगस्पॉट उलट, स्वतःचं डोमेन फुकट जोडू देतं, पण वर्डप्रेसमधून तिकडे मजकूर नेणं त्रासाचं आहे. मी असते तर आत्ता फुकटच्या वर्डप्रेसवर सगळं उतरवून ठेवलं असतं आणि डोमेन हातात आलं की मग जोडायचं का ते बघितलं असतं.

यात एकच खुबी आहे, आयात करताना "फोटोही आणा" अशा अर्थाचा पर्याय येतो तो निवडायचा, मग नवीन जागा जुन्या जागेवरून फोटो स्वतः ओढून घेते, पण त्यासाठी त्या क्षणी जुना ब्लॉग चालू असायला हवा. म्हणून रिन्यूअलच्या आधी. लिंका थोड्याफार तुटतील, त्याचं फार मनावर घेऊ नका. मराठी शीर्षकांचं हे नेहमीचं दुखणं आहे, ब्लॉगस्पॉट मराठी शीर्षक समजून न घेता सगळ्यांना ब्लॉग-पोस्ट आणि पुढे आकडा असले पत्ते देतं, वर्डप्रेस मराठी घेतं पण पत्त्यात एकेका अक्षराची नऊ-नऊ रोमन चिन्हं होतात त्यामुळे लांब शीर्षक मध्येच तोडतं. डोमेन मिळालं तर लोकांकडून वाचल्या जाणाऱ्या आठ-दहा पोस्टच्या लिंका कोणाकडून तरी नीट वळवून घ्या, बाकीच्या शोधून येतील.

भावाचा इन्स्टाचा सल्ला प्रेमापोटी आहे पण तुमच्या लिखाणाला तो चालणार नाही. तिथे फोटोखाली 2200 कॅरेक्टर्स मावतात, त्यात काना-मात्राही मोजतात, तुमची एसटीत जागा मिळेपर्यंतच ते संपतात. लिंक टाकली तर दाबता येत नाही. आणि तीन वर्षांपूर्वी काय लिहिलं होतं ते शोधायचं म्हटलं तर बोट दुखेपर्यंत सरकवत बसा, फेसबुकचंही तेच. तिथे लिहू नका असं म्हणत नाही, माणसं आज तिथेच आहेत, पण आधी आपल्या जागी ठेवून मग तिथे न्यावं.

आता पोस्टमधल्या नवऱ्याचं. तुम्ही विचारलंय की त्याचा उल्लेख असलेल्या पोस्ट काढून टाकू का, त्या खोट्या वाटतात आता. मला नाही वाटत त्या खोट्या आहेत. 2012 साली माथेरानला तो तुम्हाला पोळलेलं कणीस स्वतः सोलून देत होता हे 2012 साली खरंच होतं. पण रोज त्या सगळ्यांना दिसाव्यात अशी सक्ती पण तुमच्यावर नाही. डिलीट करू नका, ड्राफ्ट करून ठेवा, वर्डप्रेसमध्ये ड्राफ्ट केलेल्या पोस्टच्या कमेंट्स शाबूत राहतात आणि परत प्रकाशित केली की जुन्या तारखेसकट जागेवर येते. निर्णय कोर्टाची शेवटची तारीख झाल्यावर, सावकाश. एकेक वाक्य बदलून नवऱ्याला पोस्टमधून खोडत बसणं, "आम्ही"चं "मी" करणं, हे मात्र अजिबात करू नका, लिखाणाचं वाटोळं होतं आणि वाचणाऱ्याला ते शिवलेलं दिसतं.

आणि केस चालू असेपर्यंत त्याच्याबद्दल, सासरबद्दल, कोर्टाबद्दल जाहीर काही लिहू नका. नाव न घेता पण नको, कवितेत पण नको. ब्लॉगवरचा मजकूर पुरावा म्हणून कोर्टात येऊ शकतो आणि आज संमतीने चाललेलं उद्या तसं राहीलच असं नाही. लिहायचंय ना, लिहा, तारीख घालून फाइलमध्ये ठेवा.

सासूबाईंचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय पण मला वाटतं ते तुम्हाला बरंच टोचतंय. त्या वाचतात म्हणून आपण काही लिहू शकत नाही असं होतंय का? की त्या वाचतात म्हणून बंद करवत नाही? दुसरं असेल तर नवीन पत्ता त्यांना सरळ पाठवून द्या, मुलीची आजी आहे ती, घटस्फोट तिच्याशी चाललेला नाही. पहिलं असेल तर पाठवू नका, सापडला तर वाचतील.

मुलीच्या पोस्टचं मात्र मी थोडं कठोर बोलणार आहे. त्या पोस्ट गोड आहेत यात शंका नाही, पण दोन वर्षांच्या पोरीने कुठे काय केलं हे तिला न विचारता लिहिलेलं आहे, तेव्हा सगळेच लिहीत होते, विचारायचं कोणाला हाही प्रश्न होता. आता ती नववीत आहे आणि तिला मत आहे. म्हणून वर म्हटलं की कॉपी काढायच्या कामाला तिला घ्या. तिच्याबद्दलच्या पोस्ट तिच्यासमोर ठेवा, कुठली राहू दे, कुठली नको हे तिने ठरवायचं आणि तुम्ही वाद घालायचा नाही, अगदी तुमची सगळ्यात आवडती पोस्ट गेली तरी. फोटोवरून, शाळेच्या नावावरून, सोसायटीच्या नावावरून ओळख पटत असेल तर तेवढं तरी आजच काढा. घरात जे रडं झालं ते त्या एका पोस्टचं नसणार, ज्या वर्षात तिला कोणी काही विचारून केलं नाही, घर, शाळा, गाव सगळं बदललं, त्या वर्षात हे एक तरी तिला विचारून होऊ दे.

राहिलं लिहिणं. दीड वर्षाच्या खंडाबद्दल तुम्हाला वाचकांची देणेकरी असल्यासारखं वाटतंय, परत यायचं तर आधी खुलासा करावा लागेल असं. कोणाला? 2009-10 साली सगळ्यांचे ब्लॉग एकत्र दाखवणाऱ्या मराठी ब्लॉगविश्वासारख्या ठिकाणी नवीन पोस्ट झळकायची, लोक गूगल रीडरमध्ये (आवडत्या ब्लॉगांच्या नव्या पोस्ट एका जागी दाखवायचा तो) ओळीने वाचायचे, तेव्हा अमुक दिसली नाही बरेच दिवस असं कोणीतरी म्हणायचं. रीडर 2013 ला बंद झाला. आता जे येतात ते बहुतेक काहीतरी शोधत येतात, एखाद्या नाटकाचं नाव टाकून तुमच्या 2015 च्या पोस्टवर पोचतात, वाचतात, जातात, त्यांना खंड वगैरे दिसतही नाही. मोजकी माणसं तुमची वाट बघतायत, त्यांना कारण माहीत आहे किंवा त्यांनी ओळखलंय. त्यामुळे "खूप दिवसांनी लिहितेय" पण नको आणि "आयुष्यात बरंच काही घडून गेलं" पण नको, ज्या दिवशी कोल्हापूरच्या स्टँडवर काहीतरी दिसेल त्या दिवशी तेवढंच लिहून टाका, दहा ओळी झाल्या तरी पोस्टच आहे.

मैत्रिणीचं नवीन नाव मला वाईट वाटत नाही, खरंच. वेगळं गाव, वेगळा सूर, लागत असेल तर घ्या नाव. फक्त जुनं पुसून नवीन असं करू नका आणि नवीन डोमेन लगेच विकत घेऊ नका, पहिल्या वर्षी स्वस्तात देतात आणि दुसऱ्या वर्षापासून खरी किंमत लावतात, सहा महिने फुकटच्या जागेवर लिहून बघा, नाव अंगाला बसलं तर घ्या. आणि यावेळी नाव, मेल, कार्ड, मोबाइल सगळं तुमचं.

हा शेवटचा मुद्दा बाकीच्या वाचकांसाठीही आहे, कारण या विषयावर अधूनमधून पत्रं येतात. ब्लॉग ज्या मेलवर आहे त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का बघा. परदेशी गेलेल्यांचं इथेच अडतं, भारतातलं सिम रिचार्जविना बंद पडतं, काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्याला मिळतो आणि ओटीपी त्याला जातो. गूगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे, आपण बरेच महिने फिरकलो नाही तर आपला डेटा कोणाला द्यायचा त्याचं नाव तिथे देता येतं, वय झालेल्यांनी ते भरून ठेवावं आणि वय न झालेल्यांनीही. आणि ज्यांचं लिखाण युनिकोडच्या (आज सगळीकडे दिसणाऱ्या मराठी टायपिंगच्या पद्धतीच्या) आधीचं आहे, श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टमधलं, त्यांनी ते जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर बाहेर काढा, कारण त्या फायलींत आत रोमन अक्षरंच असतात आणि फॉन्ट गेला की काही वाचता येत नाही. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यांत चुका करतात, तेव्हा एकदा डोळ्यांखालून घालावं लागतं. मूळ फाइल तशीच ठेवा, कन्व्हर्ट केलेली वेगळ्या नावाने सेव्ह करा, आणि कुठल्या फाइलला कुठला फॉन्ट होता ते शेजारी लिहून ठेवा.